एका माणसाचा भात

आमच्या घरात एका माणसाचा भात कुणालाच येत नव्हता. हसू नका. मला स्वतःलाही येत नव्हता, आणि मी तर निम्मं आयुष्य त्या चुलीपुढं काढलेलं. आमचा टोप चढायचा तो सगळ्या घराचा. थोरले दीर, थोरली जाऊ, त्यांची पोरं, आमचे हे, माझी पोरं, शेतावरचे गडी, आणि नेमका जेवायच्या वेळेला उगवणारा एखादा पाहुणा. तांदूळ सुपात घ्यायचा, हाताला कळायचं की झाला पुरेसा. कोण किती खातं हे बघायला वेळ कुणाला होता? ताटात वाढायचं, आणि समोरचा हात आडवा धरेपर्यंत वाढत राहायचं.

म्हणून माझ्या थोरल्याला पुण्याच्या कॉलेजात धाडायचं ठरलं, तेव्हा त्याच्या धोतरांचं, पागोट्याचं, पुस्तकांचं कुणी ना कुणी बघितलं, आणि मी एकाच गोष्टीनं हैराण झाले. हा पोरगा एकटा किती खातो?

मला लिहायला पुढं त्यानंच शिकवलं, सुट्टीत घरी येऊन. तोंडानं मी अजून हाय-नायच बोलते, पण बोरू हातात आला की आपोआप शहाण्यासारखं उमटतं. त्याचं त्यालाही हसू येतं.

आमचं गाव पोशीर. शेती भाताची. पोरगा गावच्या शाळेत शिकला, मग इंग्रजी शाळेसाठी कल्याणला माझ्या भावाकडं राहिला. भाऊ रेल्वेत खलाशी. भावजय माझी मायाळू, तिनं पोराला कधी उपाशी ठेवलं नाही. तिथून तो मॅट्रिक झाला, आणि शाळेच्या मास्तरांनी निरोप धाडला की ह्याला पुढं शिकवा, घरी बसवू नका. आमच्या गावात तोवर कुणी मॅट्रिक झालेलं नव्हतं. लोक नुसते बघायला यायचे. जसं काही पोराला शिंगं फुटली होती!

पण निरोप येऊन काय होणार? घर आमचं एकत्र. शेत एक, कणगी एक, चूल एक. भाऊजींच्या, म्हणजे थोरल्या दिरांच्या, शब्दाबाहेर घरातलं मांजर जात नव्हतं. कॉलेजचा खर्च करायचा तो कणगीतला भात विकूनच, म्हणजे भाऊजींच्याच हातानं. आमचे हे रात्रंदिवस शेतात राबायचे, पण थोरल्या भावापुढं त्यांच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. आम्हाला वाटलं, झालं, इथंच संपलं. तर भाऊजी म्हणाले, "जाऊ दे पोराला." एवढंच. मी आत तांदूळ निवडत होते, ते ऐकून सूप तसंच मांडीवर धरून बसून राहिले.

गावातल्या लोकांना मात्र गप्प बसवेना. पारावर भाऊजींना म्हणाले, "शिकला की पयली वाटणी मागंल बघा. शिकलेल्यांचं ह्येच असतं." भाऊजींनी उडवून लावलं. पण ते बोल त्यांच्या मनात कुठंतरी रुतून बसले असणार, हे आम्हाला पुढं कळलं.

आता पुण्यात जेवायचं कुठं? खानावळी होत्या, पण ज्यांच्या त्यांच्या. कुणब्याच्या पोराला त्या पंगतीत कोण बसवून घेणार? एका माळ्याच्या घरी मागची खोली मिळाली, आणि माळी म्हणाला, खोली देतो, पण हातानं करून खावं लागेल. आमचे हे म्हणाले, "त्यात काय एवढं? पाण्यात तांदूळ टाकायचा, खाली जाळ लावायचा." अहा रे शहाणे! जन्मात कधी फुंकणी हातात धरली नाही, आणि म्हणे त्यात काय एवढं. मी त्याच दिवशी ठरवलं, हा पोरगा माझ्या हाताखाली भात शिकल्याशिवाय गावची शीव ओलांडणार नाही.

भाऊजी नेमके तेव्हा तांदळाच्या गाड्या घेऊन कर्जतला गेले होते. व्यापाऱ्याकडं माप व्हायला, हिशेब व्हायला चार दिवस मोडायचे. म्हटलं, तेवढ्यात उरकून घेऊ. घरातल्या चुलीवर सकाळपासून मोठाले टोप, तिथं ह्याची लुडबुड कुठं करू? आणि पुरुष माणूस चुलीपुढं बसला की गडी हसणार. मी गोठ्यामागं तीन दगड मांडले, कुंभाराकडून एक लहानसं मडकं आणलं, आणि पोराला म्हटलं, बस.

"आये, तांदूळ किती घेऊ?"

"लागंल तेवडा."

"लागंल तेवडा म्हंजे किती?"

आता ह्याला काय सांगू? मी माझ्या हातानं मापून घातला, आणि मला वाटलं की मी अगदी थोडा घातला. थोड्या वेळानं मडक्यानं झाकण उचललं. भात वर आला, कडेनं खाली आला, दगडांवर आला, आणि कोंबड्यांना कुणी आमंत्रण दिलं कोण जाणे, सगळ्या धावत आल्या. जाऊबाई दारात उभ्या राहून पोट धरून हसल्या. "गावजेवण घातलंस का गं?"

दुसऱ्या दिवशी मी कमी घातला, तर भात खाली लागला. मग पाणी जास्त झालं, त्याची पेज झाली. पोरगा आपला शांतपणे फुंकणी फुंकत होता, डोळे लाल, नाकाला काजळी. एकदा तर म्हणाला, "आये, बीजगणित ह्याच्यापरीस सोपं हाय." मी म्हटलं, "मग त्येच शिजवून खा." पण मनातून मला त्याचं कौतुक वाटत होतं. चिडत नव्हता, टाकून जात नव्हता. रोज सकाळी स्वतःच दगड पुसून बसायचा.

माझ्या डोक्यात तेव्हा फक्त भात होता. वाटणी माझ्या स्वप्नातही नव्हती. पण रस्त्यानं जाणाऱ्याला काय दिसत होतं? एका घरातून दोन धूर. आमच्याकडं भावाभावांत फाटलं की पहिली गोष्ट ही होते, धाकटा परसात वेगळी चूल मांडतो. शेताचे तुकडे नंतर होतात. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण ठाऊक असलेलं ऐन वेळेला सुचायला नको?

गावातला एक जण बाजाराला कर्जतला गेला. भाऊजी भेटल्यावर त्याला राहवलं नाही. "तुमच्या घरी दोन चुली झाल्या वाटतं?"

भाऊजी दुसऱ्या दिवशी भर दुपारी आले. गाडी अंगणात लावली, बैल सोडले, आणि ओट्यावर येऊन बसले. पागोटं काढलं नाही. जाऊबाईंनी गूळ-पाणी पुढं केलं, त्यांनी हात लावला नाही.

"पानी कुटल्या चुलीकडचं?"

जाऊबाईंना काही उमगेना. त्या तांब्या धरून तशाच उभ्या. मग भाऊजी आमच्या ह्यांच्याकडं वळले. आवाज चढवला नाही, म्हणूनच जास्त भीती वाटली. "वाटनी हवी व्हती तर तोंडानं मागायची. मी गावात नाय बघून चूल मांडलीस. मी काय नाय म्हनलो असतो?"

आमच्या ह्यांनी डोक्यावरचं मुंडासं काढून हातात घेतलं.

"पोरगा पुन्याला जायाचा नाय," भाऊजी म्हणाले. "आजच दोन चुली. शिकून आला की दोन घरं व्हतील. त्यापेक्षा नांगर धरू दे."

मी दाराआड होते. हातात भाकरीचं पीठ. पोराचं शिक्षण बुडणार, आणि तेही माझ्यामुळं, माझ्या तीन दगडांमुळं! थोरल्या दिराशी आम्ही सरळ कधी बोलत नसू. काही सांगायचं तर पोरांना सांगायचं, नाहीतर खांबाला सांगितल्यासारखं सांगायचं, आणि त्यांनी ते ऐकायचं. इतकी वर्षं मी खांबाशीच बोलत आले होते. त्या दिवशी खांब राहिला बाजूला. पदर डोक्यावर ओढला आणि पिठाच्या हातानं बाहेर आले.

"भाऊजी, ती चूल वाटनीची नाय. पोराला भात शिकवते मी. पुन्यात त्याला कोन वाढनार हाय?"

भाऊजींनी माझ्याकडं बघितलं नाही, अंगणाकडं बघत म्हणाले, "भात शिकवाया घरातली चूल नाय व्हय?"

"घरातल्या चुलीवर सगल्यांचा भात व्हतो. त्याला एकट्याचा करायचाय. आपल्या घरात एकट्याचा भात येतो कुनाला? मला येत नाय, जाऊबाईंना येत नाय. तुमाला येतो?"

जाऊबाईंनी तोंडावर हात दाबला. मला माझंच बोलणं कानात घणघणत ऐकू येत होतं. आता हा माणूस उठून जातो की काय, असं झालं.

तेवढ्यात गोठ्यामागून पोरगा आला. त्याला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं, तो आपला भाताच्या नादात. फडक्यात मडकं धरलेलं, तोंड काळं, आणि चेहऱ्यावर असा आनंद की जणू लढाई मारून आला. "काका! आज लागला नाय!" त्यानं ताट आणलं, ओट्यावर काकांपुढं ठेवलं, आणि मडकं त्यात उपडं केलं. भात मोकळा झाला होता. शीत न् शीत वेगळं. वर मीठ ठेवलं आणि समोर मांडी घालून बसला, निकालाची वाट बघत.

भाऊजी त्या ताटाकडं बघतच राहिले. मग त्यांनी पागोटं काढून बाजूला ठेवलं, हात धुतला आणि जेवायला बसले. कालवण नाही, ताक नाही, नुसता भात आणि मीठ. सगळा खाल्ला. ताट पुसून खाल्लं. मग मडक्यात वाकून बघितलं.

"आन् तुला?"

"एवडाच व्हता, काका. एका मानसाचा."

"एवडाच?" भाऊजींचा आवाज आता खरोखर चढला. "एवड्यावर तू थितं दिवस काढनार? माज्या घरचा पोरगा चिमनीएवडं खाऊन शिकनार?"

पहिल्यांदा जाऊबाई हसल्या. मग आमचे हे हसले, आणि मला हसता हसता रडू कोसळलं. भाऊजी कुणावर चिडावं ते न कळून तांब्याभर पाणी घटाघटा प्यायले. कुठल्या चुलीकडचं ते विचारलं नाही.

संध्याकाळी ते गोठ्यामागं गेले, तीन दगडांपुढं उभे राहिले, आणि एकेक उचलून बांधावर नेऊन ठेवले. मग कधी नव्हे ते स्वयंपाकघरात आले. आम्ही दोघी भिंतीला चिकटून उभ्या राहिलो. आमच्याकडं नवी चूल घालताना जुन्या चुलीची थोडी माती तिच्या चिखलात कालवतात, म्हणजे चूल तीच राहते. भाऊजींनी घरातल्या चुलीच्या कडेची माती विळ्यानं खरवडली, फडक्यात बांधली आणि पोराच्या हातात दिली.

"थितं चूल घालशील तवा ही कालव. मग ती वेगली चूल नाय. हितलीच हाय ती, पुन्यात पेटते एवडंच."

पोरानं ती पुरचुंडी आधी पेटीत ठेवली. पेटीत पडलेली पहिली वस्तू तीच. पुस्तकं त्यानंतर.

पुढचे दिवस त्याचा सराव घरातल्या चुलीच्या वैलावर, म्हणजे बाजूच्या लहान तोंडावर झाला, मोठ्या टोपाच्या शेजारी. गडी हसले, हसू दिलं. आणि मग सुरू झालं सामान, आणि सगळ्या घराला कंठ फुटला. होळीच्या सुट्टीपर्यंत पुरेल एवढा तांदूळ गोणीत भरायचा होता. मधे कुणी पुण्याला फेरी मारणार नव्हतं. पण किती भरायचा? पोरगा सांगे, वेळेला एक चिपटं, म्हणजे पाव शेर पुरतं, मी मापून बघितलंय.

"चिपटंभर तांदूल आपला कोंबडा खातो," भाऊजी म्हणाले.

"मग कोंबड्याला धाडा कॉलेजात," जाऊबाई म्हणाल्या.

तांदूळ जुना द्यायचा ह्यावर मात्र सगळ्यांचं एकमत. नुकताच निघालेला नवा तांदूळ चिकट होतो आणि पोटाला जड जातो, म्हणून गेल्या सालचा कणगीच्या तळातला काढला. मी आणि जाऊबाई दोघींनी मिळून कांडला, पाखडला. जाऊबाईंची मुसळावरची पकड त्या दिवशी बघण्यासारखी होती. शेवटी गोण पोराच्याच मापानं भरली, आणि तोंड शिवायच्या आधी भाऊजींनी वर आणखी सुपं ओतली. कुळथाचं पीठ, वाल, आमसुलं, मिरच्या, पापड. सुकट जाऊबाईंनी फडक्यावर फडकं गुंडाळून बांधली. आमचे हे म्हणाले, पुस्तकांना वास लागेल. त्या म्हणाल्या, "लागू दे, मास्तर लांबून शिकवतील."

भाऊजी पुन्हा कर्जतला जाऊन आले आणि तांबटाकडून एक तपेली घेऊन आले. तांब्याची, आतून ताजी कल्हई, आरशासारखी. पोरगा बघतो तर मडक्याहून दुप्पट मोठी.

"काका, ही दोगांची हाय."

"मग? कुनी आलं दारात तर हाकलनार काय त्याला?"

कॉलेजात जाणाऱ्या पोरानं तपेली उचलून गोणीशेजारी ठेवली.

निघायच्या दिवशी मीही गाडीतून कर्जतला गेले. बायकांनी ठेसनावर जायची रीत नव्हती, पण भाऊजींनीच म्हटलं, "चल गं, तूबी चल." माझ्याशी सरळ बोललेलं त्यांचं ते पहिलं वाक्य. ठेसनावर सामान जोखणाऱ्या बाबूनं गोण जोखली, पेटी उघडायला लावली आणि पुरचुंडी उचलली.

"यात काय आहे?"

"माती," पोरगा म्हणाला.

"माती? पुण्यात माती मिळत नाही?"

"मिलते," भाऊजी पुढं होऊन म्हणाले. "आमची मिलत नाय."

बाबूनं एकदा पुरचुंडीकडं बघितलं, एकदा भाऊजींकडं, आणि पेटी बंद करून दिली. घाट चढायला कर्जतला गाडीच्या पाठीला आणखी एक इंजिन लावतात, ते लागेपर्यंत गाडी थांबून असते. तेवढा वेळ मी डब्याच्या खिडकीशी उभी होते. शेवटी म्हटलं, "आधन आलं की मगच तांदूल वैर." पोरगा म्हणाला, "व्हय आये." गाडी हलली. माझा जीव त्या तपेलीसकट डोंगराकडं चालला होता. पण खोटं कशाला सांगू, छाती भरून आली होती ती नुसत्या दुःखानं नव्हे. आमच्या घरातलं पहिलं पोर शिकायला चाललं होतं.

घरी येऊन मी नेहमीसारखा टोप चढवला. पुरुष जेवले, पोरं जेवली, आम्ही दोघी जेवलो. टोपात भात उरला.

"हात चुकला गं तुजा," जाऊबाई म्हणाल्या.

हात चुकला नव्हता. हातानं रोजच्याइतकाच तांदूळ घेतला होता. मी शिकायचं ते मडकं काढलं, घासलं, आणि उरलेला भात त्यात भरला. गळ्याशी येऊन थांबला. ना सांडला, ना कमी पडला. आम्ही सगळ्यांनी डोकं फोडून घेतलं होतं, कोंबड्याच्या गोष्टी केल्या होत्या, आणि एका माणसाचा भात तो एवढा होता. पोराचं माप बरोबर होतं. माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या, आणि तोंडानं मी ओरडले, "जाऊबाई, पुरंल! गोन होलीपत्तुर पुरंल त्याला!"

जाऊबाईंनी डोळे पुसले, नाक ओढलं, आणि व्यवहाराचं बोलल्या. "बरं झालं. आता उद्यापासून तांदूल कमी घे."

ओटीवरून भाऊजींचा आवाज आला. "माप कमी करू नका. पोरगा शिकाया गेलाय. घरातून गेला नाय."

मग रोज रात्री तेवढा भात उरायचा. मी तो मडक्यात काढून ठेवायची, आणि सकाळी भाऊजी न्याहारीला तो भात ताक घालून खायचे. भाकरी पुढं केली तरी आधी तो भात. एकही दिवस त्यांनी तो दुसऱ्या कुणाला दिला नाही, माझ्या धाकट्यालासुद्धा नाही.

होळीला पोरगा आला. वाळला नव्हता, उलट खांदे भरले होते. त्यानं गोण झटकून दाखवली, तळाशी दोन मुठी तांदूळ शिल्लक होता. शेजारच्या खोलीतला एक गरीब विद्यार्थी आजारी पडला तेव्हा महिनाभर त्याच्याबरोबर जेवत होता, म्हणून तपेली मोठी होती ते बरं झालं, असं म्हणाला. भाऊजींनी आमच्या सगळ्यांकडं एकदा बघून घेतलं. त्या रात्री आम्ही सगळे जेवलो, बोललो, हसलो, आणि टोप खरवडून रिकामा झाला.

सकाळी भाऊजी सवयीनं पाटावर बसले, ताकाचं भांडं पुढं ओढलं आणि आत हाक मारली, "भात कुटं हाय माजा?"

जाऊबाई चुलीपुढून उठल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, "ज्याचा व्हता, त्यानं खाल्ला."